नकाशातला एव्हरेस्ट

पुण्या-मुंबईच्या एखाद्या कार्यालयात भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे जीआयएसवर काम करणारा एखादा तरुण अभियंता जुनी टोपोशीट स्कॅन करून संगणकावर घेतो. तिच्या चारही कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश तो इमानेइतबारे भरतो आणि तिच्याखाली उपग्रहाने टिपलेले छायाचित्र ठेवतो. दोन्ही तंतोतंत जुळायला हवेत, पण ते जुळत नाहीत. नदी पात्राच्या शेजारून वाहू लागते, रस्ता घरांवरून जातो, देवळाची खूण शेजारच्या शेतात जाऊन पडते. हा फरक थोडाथोडका नसतो. पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात तो शंभर मीटरच्या वर भरतो. धरणाच्या बुडीत क्षेत्राची रेषा आखायची असेल, तर तेवढ्या अंतरात एखादी वाडी पाण्याबाहेर राहते किंवा पाण्याखाली जाते.

चूक शोधता शोधता तो सॉफ्टवेअरमधील एका लांबलचक यादीपाशी येऊन थांबतो. नकाशा कोणत्या मापनप्रणालीवर आधारलेला आहे, हे त्या यादीतून संगणकाला सांगायचे असते. तेथे कल्याणपूर १९३७, कल्याणपूर १९६२, कल्याणपूर १९७५ अशी नावे ओळीने दिसतात आणि त्यांच्या शेजारी लिहिलेले असते, एव्हरेस्ट १८३०. हे शिखराचे नाव नव्हे, माणसाचे आहे. १८३० साली त्या शिखराला एव्हरेस्ट हे नाव मिळालेलेही नव्हते.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव जगातील शाळकरी मुलांना ठाऊक आहे आणि त्यांचे काम जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. इतिहासाने एखाद्याची अशी थट्टा क्वचितच केली असेल. त्यांच्या आडनावाचा उच्चारही आपण सारे चुकीचाच करतो. त्यांच्या घराण्यात तो ईव्हरेस्ट असा होता.

एव्हरेस्ट यांचा जन्म ४ जुलै १७९० रोजी झाला. वडील वकिली करीत. वुलिच येथील लष्करी अकादमीत गणित आणि तोफखान्याचे शिक्षण घेऊन ते १८०६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाले. पुढे जावा बेट काही काळ इंग्रजांच्या ताब्यात होते, तेव्हा तेथील सर्वेक्षणावर १८१४ ते १८१६ अशी दोन वर्षे त्यांची नेमणूक झाली. हिंदुस्थानात परतल्यावर संदेशवहनाच्या मनोऱ्यांची रेषा आखण्याचे काम त्यांनी केले. गणितात चांगला आणि कामाला चोख असा हा तरुण अधिकारी वरिष्ठांच्या नजरेत भरला आणि विल्यम लॅम्बटन यांचा प्रमुख साहाय्यक म्हणून त्याची निवड झाली. १८१८ च्या अखेरीस एव्हरेस्ट हैदराबादेत लॅम्बटन यांच्यापुढे हजर झाले.

येथे लॅम्बटन यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण एव्हरेस्ट यांचे सारे आयुष्य या म्हाताऱ्या गुरूने आखलेल्या रेषेवर गेले. १८०२ मध्ये लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीने मोजली. त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एका खुणेचे कोन घेतले की त्रिकोण पुरा होतो. त्याच्या उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात आणि त्यांतली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते कन्याकुमारीच्या टोकापासून उत्तरेकडे निघाले. कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट अर्धा टन वजनाचे होते आणि टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर ते माणसांकडून चढवावे लागे. या मालिकेचा कणा होता अठ्ठ्याहत्तराव्या रेखावृत्ताच्या आसपासची उभी ओळ. तिलाच ग्रेट आर्क म्हणतात. मुलूख मोजणे हा कंपनीचा हेतू होता; लॅम्बटन यांना मात्र पृथ्वीचा आकार मोजायचा होता.

हैदराबादेहून एव्हरेस्ट यांना पाठविण्यात आले ते कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात, तेही पावसाळ्याच्या दिवसांत. धुरळा बसलेला असतो आणि हवा स्वच्छ असते, म्हणून सर्वेक्षक पावसाळा पसंत करीत. पण हवा स्वच्छ म्हणजे आरोग्यदायी नव्हे. बरोबरच्या सैनिकांनी सुरुवातीलाच अवज्ञा केली, तेव्हा एव्हरेस्ट यांनी म्होरक्यांना फटके मारविले. पुढे त्याहून मोठा शत्रू आला. सुमारे दीडशे माणसांचा सारा तांडा हिवतापाने आडवा झाला. स्वतः एव्हरेस्टही त्यात सापडले. हैदराबादहून पालख्या आणि हत्ती पाठवून या लोकांना परत आणावे लागले आणि परतीच्या वाटेवर कित्येकांनी प्राण सोडले. त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत, आणि इंग्रजांनी लिहिलेल्या सर्वेक्षणाच्या इतिहासातही ती बहुधा आकड्यांतच दिसतात.

या तापाने एव्हरेस्ट यांची प्रकृती कायमची मोडली. हवापालटासाठी ते १८२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपला गेले. विश्रांती घेणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. अठराव्या शतकात लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने तेथे रेखावृत्ताचा एक कंस मोजला होता आणि त्यातून पृथ्वीच्या आकाराविषयी विचित्र उत्तर निघाले होते. एव्हरेस्ट यांनी ती जागा जाऊन पाहिली आणि दोष ओळंब्यात असावा, असे अनुमान काढले. जवळच्या डोंगरांचे वस्तुमान ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढते. आपण ज्याला सरळ उभे म्हणतो, ते मग सरळ उभे राहत नाही आणि ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश चुकतात. हाच प्रश्न पुढे हिमालयाच्या पायथ्याशी त्यांच्यापुढे उभा राहणार होता.

२० जानेवारी १८२३ रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना लॅम्बटन यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. सत्तरीच्या घरातला हा माणूस अखेरपर्यंत तंबूतच राहिला. त्यांची कबर हिंगणघाटला आहे. जगाच्या मापनाच्या इतिहासात ज्या मोजक्या जागा नोंदवाव्यात, त्यांतली ही एक आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. त्या वेळी एव्हरेस्ट मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या त्रिकोणमालिकेवर होते. ते काम सोडून त्यांनी ग्रेट आर्कची सूत्रे हाती घेतली आणि वऱ्हाडातून, सातपुडा ओलांडून ते उत्तरेला सरकले. १८२४ मध्ये ही मालिका मध्य हिंदुस्थानातील सिरोंजपाशी पोहोचली. तेथून जवळच कल्याणपूरची टेकडी आहे.

या टेकडीवर एव्हरेस्ट यांनी ताऱ्यांचे वेध घेतले तेव्हा त्यांचे हातपाय नीट चालत नव्हते. यंत्राच्या आसनावर बसविण्यासाठी आणि तेथून उठविण्यासाठी दोन माणसे लागत. इतक्या हलाखीत मोजलेला हा बिंदू पुढे हिंदुस्थानच्या साऱ्या नकाशांचे मूळ ठरला. देशातील हरएक गावाचे अक्षांश-रेखांश या टेकडीपासून मोजले जाऊ लागले. सॉफ्टवेअरच्या यादीतले कल्याणपूर ते हेच. १९३७, १९६२ आणि १९७५ ही त्या गणिताच्या पुढील काळातील फेरमांडणीची वर्षे होत. मध्य प्रदेशातील एका आडबाजूच्या टेकडीचे नाव जगभरच्या नकाशा बनविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे त्या भागातल्या किती लोकांना ठाऊक असेल कोण जाणे.

१८२५ मध्ये उपचारांसाठी एव्हरेस्ट इंग्लंडला गेले आणि पाच वर्षे तेथे राहिले. ही पाच वर्षे त्यांनी सत्कारणी लावली. आयर्लंडमधील सर्वेक्षणात धातूच्या दुहेरी पट्ट्यांची नवी मापनयंत्रे वापरात आली होती. उष्णतेने धातू प्रसरण पावला तरी त्यांवरील खुणांमधले अंतर बदलत नसे. एव्हरेस्ट यांनी ती स्वतः जाऊन पाहिली आणि तशीच हिंदुस्थानसाठी करून घेतली. नवी थिओडोलाइटे बनवून घेतली. १८२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आणि १८३० मध्ये दक्षिणेतील दमरगिद्दा ते कल्याणपूर या कंसाचा वृत्तांत त्यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

त्या साऱ्या आकडेमोडीतून एक उत्तर निघाले. पृथ्वी चेंडूसारखी पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे, हे तोवर सिद्ध झाले होते. प्रश्न होता, किती चपटी? एव्हरेस्ट यांच्या गणिताने विषुववृत्ताची त्रिज्या आजच्या मापात सुमारे ६३,७७,२७६ मीटर आली आणि चपटेपणा तीनशेत एक भागाहून किंचित कमी, म्हणजे १/३००.८०. आज जीपीएस ज्यावर चालते त्या डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रणालीत ही त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे आणि चपटेपणा १/२९८.२५७. तापाने फणफणलेल्या माणसाने, उपग्रह नसलेल्या काळात काढलेली पृथ्वीची त्रिज्या ८६१ मीटरने कमी भरली. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय हे गणित हिंदुस्थानच्या जमिनीवरच्या मोजमापांना बेतून केलेले होते. साऱ्या पृथ्वीसाठी ते थोडे लहान असेल, पण या उपखंडाला ते अंगरख्यासारखे चपखल बसले. म्हणून तर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, म्यानमार आणि थेट मलेशियापर्यंतचे नकाशे पिढ्यान् पिढ्या याच आकारावर काढले गेले.

यात एक गंमत आहे आणि जीआयएसच्या नवशिक्यांना ती फार छळते. एव्हरेस्ट यांनी सारे हिशेब फुटांत केले होते. हिंदुस्थानात वापरलेला हा फूट नेमका किती मीटरचा, याचे उत्तर वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या देशांत थोडे निराळे धरले गेले. परिणामी एव्हरेस्ट या एकाच नावाखाली सॉफ्टवेअरमध्ये अनेक आकार नांदतात. १९३७ च्या गणितात त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, तर १९७५ च्या व्याख्येत ६३,७७,२९९ मीटर. यादीत नाव ओळखीचे दिसले म्हणून पहिल्याच ओळीवर बोट ठेवणाऱ्याची फसगत होते ती इथे.

१८३० मध्ये एव्हरेस्ट परतले ते हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल होऊनच. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याजवळ नव्या पट्ट्यांनी आधाररेषा मोजली गेली. त्याच सुमारास हिंदू कॉलेजातला अठरा वर्षांचा एक बंगाली तरुण गणनाकार म्हणून त्यांच्याकडे आला. त्याचे नाव राधानाथ सिकदार. एव्हरेस्ट यांना हिंदुस्थानी माणसांविषयी फारसा आदर होता असे नाही. पण सिकदार यांचे गणित त्यांना इतके मोलाचे वाटे की, दुसऱ्या खात्यात जाण्याची त्यांची खटपट एव्हरेस्ट यांनी यशस्वी होऊ दिली नाही. यंत्रांच्या देखभालीसाठी विलायतेहून आलेल्या कारागिराशी त्यांचे पटले नाही, तेव्हा ती जबाबदारी सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आली आणि त्यांनी ती अशी पेलली की एव्हरेस्ट यांनी त्यांच्या बढतीसाठी सरकारशी भांडण मांडले. भांडण हा त्यांच्या स्वभावाचा स्थायीभाव होता. कधी तो दुसऱ्यांच्या भल्यासाठी कामी येई, एवढेच.

गंगा-यमुनेच्या दुआबात सर्वेक्षणाची खरी कसोटी लागली. दक्षिणेत टेकड्या होत्या. येथे सपाट मैदान, आंब्याच्या राया, चुलींचा धूर आणि धुळीचा पडदा. एका ठाण्यावरून दुसरे दिसेना. एव्हरेस्ट यांनी पन्नास फुटांच्या आसपास उंचीचे पक्के मनोरे बांधविले. दिवसा आरशांनी सूर्यप्रकाश परावर्तित करून आणि रात्री दिवे पेटवून ते कोन घेऊ लागले. नजरेच्या रेषेत आड येणारी झाडे तोडली गेली, घरे पाडली गेली. नुकसानभरपाई मिळे, पण आपली आंबराई एका अदृश्य रेषेसाठी का कापली गेली, हे शेतकऱ्याला समजावणार कोण? उंच मनोऱ्यावरून दुर्बिणीतून साहेब जनानखान्यात पाहतो, अशीही कुरबूर होती. सर्वेक्षणाची ही बाजू गौरवग्रंथांत एका वाक्यात उरकली जाते. मला वाटते, ती त्रिकोणांइतकीच महत्त्वाची आहे. रेषा कागदावर ओढली जाण्याआधी ती कोणाच्या तरी घरावरून ओढली गेलेली असते.

१८३४-३५ मध्ये डेहराडूनच्या खोऱ्यात सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यात आली. सिरोंजपासून शेकडो मैलांच्या त्रिकोणांतून गणिताने काढलेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा. तेवढाही एव्हरेस्ट यांना सहन झाला नाही. नव्या यंत्रांनी सिरोंजची आधाररेषा पुन्हा मोजली गेली, जुन्या यंत्रांनी केलेले त्रिकोण पुन्हा केले गेले आणि १८४१ मध्ये बीदरजवळच्या आधाररेषेवर हे काम पुरे झाले.

मसुरीजवळ हाथीपाव येथे त्यांनी घर घेतले होते आणि तेथूनच ते खात्याचा कारभार पाहत. सरकारला हे पसंत नव्हते. त्यातच मुंबई इलाख्यातील थॉमस बेस्ट जर्व्हिस यांचे प्रकरण उपटले. जर्व्हिस म्हणजे आपल्या कोकणाचे सर्वेक्षण करणारे अधिकारी. एव्हरेस्ट यांची प्रकृती पाहता त्यांच्यानंतर जर्व्हिस यांना नेमावे, असे लंडनमध्ये ठरत आले आणि रॉयल सोसायटीच्या काही थोर सदस्यांनी त्यांच्या योजनेला पाठिंबा दिला. एव्हरेस्ट खवळले. सोसायटीचे अध्यक्ष असलेल्या राजपुत्राला उद्देशून त्यांनी जहाल पत्रांची एक मालिकाच लिहिली आणि ती १८३९ मध्ये छापूनही टाकली. ते लगेच निवृत्त झाले नाहीत ते नाहीतच. १८४३ मध्ये अखेर पायउतार होताना त्यांची जागा घेतली ती त्यांनीच तयार केलेल्या अँड्र्यू वॉ यांनी.

ओळंब्याचा जुना प्रश्न मात्र सुटला नव्हता. कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक ताऱ्यांवरून काढला तर एक येई आणि त्रिकोणांवरून काढला तर दुसरा. तफावत होती सव्वापाच सेकंदांच्या आसपास. एव्हरेस्ट यांनी १८४७ मध्ये दोन खंडांत आपला शेवटचा मोठा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात ती नोंदलेली आहे. पुढे कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी हिमालयाच्या आकर्षणाचे गणित मांडले, तेव्हा परिणाम याच्या तिपटीने मोठा असायला हवा होता, असे निघाले. म्हणजे हिमालय ओळंब्याला ओढत होता, पण त्याच्या आकाराच्या मानाने फारच कमी. डोंगरांखालचे कवच हलके असून डोंगर जणू खालच्या घन थरावर तरंगतात, ही भूशास्त्रातील मूलभूत कल्पना याच कोड्यातून १८५५ मध्ये पुढे आली. एव्हरेस्ट यांना जी चूक वाटत होती, तिच्यात पर्वतांचे रहस्य दडलेले होते.

इंग्लंडला परतल्यावर १८४६ मध्ये त्यांनी लग्न केले, सहा मुले झाली, १८६१ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्यांची पुतणी मेरी एव्हरेस्ट हिचा विवाह जॉर्ज बूल या गणितज्ञाशी झाला. हे बूल म्हणजे ज्यांच्या बीजगणितावर आजचे सारे संगणक चालतात ते. जीआयएसमध्ये अमुक आणि तमुक, पण तमके नाही, अशी अट घालून जमिनीचे तुकडे निवडणारा अभियंता नकळत एव्हरेस्ट घराण्याच्या जावयाचीही मदत घेत असतो.

शिखराची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण तीत बरीच सरमिसळ झाली आहे. पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची सर्वाधिक असल्याचे गणित १८५२ च्या सुमाराचे. सिकदार तेव्हा कलकत्त्यात प्रमुख गणनाकार होते आणि एव्हरेस्ट हिंदुस्थान सोडून नऊ वर्षे झाली होती. १८५६ मध्ये वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि आपल्या गुरूचे नाव सुचविले. स्वतः एव्हरेस्ट यांनी त्यावर आक्षेप घेतला. आपले नाव स्थानिक लोकांना उच्चारता येणार नाही, हिंदीत आणि फारसीत लिहिता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्थळांना तेथील लोकांचेच नाव द्यावे, हा खात्याचा शिरस्ता होता आणि तो त्यांनी कसोशीने पाळला होता. तरीही १८६५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नाव मान्य केले. हे शिखर एव्हरेस्ट यांनी कधी पाहिल्याची नोंद नाही. सिकदार यांच्या वाट्याला मात्र वेगळाच न्याय आला. सर्वेक्षणाच्या सरकारी मार्गदर्शक ग्रंथातील गणिती भाग त्यांनी लिहिला होता. १८५१ च्या आवृत्तीत त्यांचा उल्लेख होता. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८७५ च्या आवृत्तीतून तो गळाला.

नाव पक्के झाल्यानंतर जेमतेम वर्षभराने, १ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये एव्हरेस्ट यांचे निधन झाले. समुद्रकाठच्या होव्ह या गावी त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांचा आकार त्यानंतरही सुमारे दीडशे वर्षे सरकारी नोकरीत राहिला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आणले. पण जुन्या टोपोशीट काही रद्दीत गेल्या नाहीत. एखादी नदी पन्नास वर्षांपूर्वी कोठून वाहत होती, तळे केवढे होते, जंगलाची कड कोठवर होती, हे सांगणारा पुरावा अनेकदा तेवढाच असतो. त्यामुळे ती पत्रके स्कॅन होत राहतात. अभियंता यादीत पुन्हा एकदा खाली-वर करतो, डब्ल्यूजीएस ८४ वरचे बोट काढून कल्याणपूर १९७५ ही ओळ निवडतो आणि पडद्यावरील नदी सरकून आपल्या पात्रात जाऊन बसते.